दादानं पुढे सरकवलेली ताटली

दादा गेल्याचा फोन नरसिंगनं केला, हे अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. ज्यानं लोखंडी सळईनं माझ्या भावाचा उजवा हात चेचला, त्यानंच बेगम बाजारातल्या आपल्या भांड्यांच्या दुकानातून मला तारनाक्याला फोन करून रडत सांगावं, “अक्का, मास्टर गिर गए दुकान में... उठतेच नहीं”? मी रिसीव्हर आपटला. ऑटोत बसले तेव्हा डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता, नुसता संताप होता. काही आठवडे उलटले, तो तसाच आहे.

मनोहरदादा माझ्याहून बराच मोठा. वडील रेल्वेच्या नोकरीपायी जालन्याहून सिकंदराबादला आले आणि पुढे दादाही रेल्वेच्या वर्कशॉपात चिकटला. पण लोक त्याला ओळखत बॉक्सिंगमुळे. त्याचा उजवा ठोसा बसला की समोरच्याच्या तोंडातून रक्त यायचं, आणि खोटं कशाला बोलू, मला बघायला मजा यायची. वस्तीतल्या पोरांनाही शिकवायचा, म्हणून ‘मास्टर’; नरसिंग त्याचा लाडका चेला. आमच्या ओट्यावर बसून माझ्या हातचं मटण चापायचा मेला! मग दादा हळूहळू प्रार्थनेत रमला आणि एक दिवस त्यानं हातमोजे खुंटीला टांगले ते कायमचेच. “बेबी, ख्रिस्ताच्या मागं चालायचं तर मूठ उघडावी लागते,” म्हणाला. मी म्हटलं, उघड बाबा, पण शेजारपाजार बघून उघड.

पुढे घराघरात केबल आली, रस्त्यारस्त्यावर नव्या मोटारींची दुकानं आली आणि तारनाक्याच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. आमच्या लहानशा मराठी चर्चमागची जुनी दफनभूमी एका बिल्डरच्या डोळ्यांत भरली. आमच्यातलेच काही शहाणे म्हणू लागले, देऊन टाका, तो आपल्याला एसी हॉल बांधून देतोय. दादा म्हणाला, “आई तिथं झोपलीय. तिला कुठं हलवू?” एका रविवारी उपासना सुटता सुटता ट्रक येऊन उभा राहिला. सळया घेतलेली बिल्डरची माणसं उतरली आणि सगळ्यांच्या पुढे नरसिंग. दादा फाटकाचा गज धरून उभा होता. “मास्टर, हट जाओ. कायकू जान देते?” दादा हलला नाही. पहिला फटका कपाळावर बसला, भुवई फाटली, पांढरा शर्ट लाल झाला. मी देवाच्या दारात गळा फाडून ओरडत होते, “हाण त्याला, दादा! एकच हाण!” नरसिंगनं सळई गजावरच्या बोटांवर घातली... परत घातली. हाडं मोडल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. दादानं गज सोडला नाही. तोवर सगळी वस्ती धावून आली आणि ते पळाले. जागा वाचली, हात गेला.

पाळकसाहेबांनी त्यावर प्रवचन केलं. दुसरा गाल पुढे करणारा खरा शिष्य कसा असतो ते पाहा, म्हणाले. बायाबापड्या डोळे पुसत होत्या. आमच्याकडे प्रभुभोजनाआधी ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्यानं उठून त्याचा हात हातात घ्यायचा, मगच ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर घ्यायची, अशी रीत. वर्षभर एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावा तेवढ्यापुरत्या हात मिळवतात आणि बाहेर पडल्या की पुन्हा तेच. भाकरीची ताटली दादापुढे आली. त्यानं ती तशीच माझ्याकडे सरकवली. पुढच्या वेळीही तेच, त्याच्या पुढच्या वेळीही... वर्षानुवर्षं.

मी भडकले. “सगळं चर्च तुला संत म्हणतंय आणि तू उपाशी उठतोस?”

“हात उचलला नाही हे खरं,” दादा म्हणाला. “पण रोज दाढी करताना त्या नरसिंगला मी जिवे मारतो, बेबी. तुकडे करतो त्याचे. कुठल्या तोंडानं भाकर घेऊ?”

अखेर एके दिवशी मला घेऊन तो बेगम बाजारात गेला. नरसिंगनं गुंडगिरी सोडून दुकान थाटलं होतं. दादानं वाकड्या बोटांचा हात पुढे केला. नरसिंग कसनुसं हसला, “पुरानी बातां हैं मास्टर, छोड दालो.” आणि दादाचा डावा ठोसा सुटला! नरसिंग पातेल्यांच्या उतरंडीवर कोसळला, बाजार गोळा झाला, नाकातून रक्ताची धार. मी मनातून नाचले. दादा मात्र खाली बसला आणि हमसून रडत स्वतःच्या रुमालानं त्याचं नाक दाबू लागला. नरसिंग त्याला बिलगून म्हणाला, “कब से राह देखरा था मास्टर... तुम मारेच नहीं.” पुढच्या प्रभुभोजनाला तो सुजलेलं तोंड घेऊन चर्चच्या दारात उभा राहिला. दादा उठला, त्याचा हात हातात घेतला आणि परत येऊन त्यानं भाकर घेतली. वाकड्या बोटांतून ती निसटली तर ओंजळ करून घेतली. मग दर शनिवारी नरसिंगच्या दुकानात चहा. तिथंच, त्या पातेल्यांत, दादा गेला.

आईशेजारी त्याला पुरला. शवपेटीला नरसिंगचाही खांदा होता. तोंड उघडलं असतं तर मी शिव्याच दिल्या असत्या.

परवाच्या रविवारी मी दादाच्या जागेवर बसले. मागच्या बाकावर नरसिंग होता. आता तो दर रविवारी येतो. पाळकसाहेब म्हणाले, ज्याचं वाकडं असेल त्यानं उठावं. मला पाठीत त्याची नजर जाणवत होती. मी उठले नाही. ताटली आली... मी ती पुढे सरकवली.