साओ पाउलोतली किशा

टोकियोतल्या आमच्या निशी-कसाईच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर युमी-सान राहते. चेहरा आणि नाव जपानी, जन्म मात्र ब्राझीलमधल्या साओ पाउलोचा. माझ्या नवऱ्याला, निखिलला, ऑफिसने आठवडाभर तिथे पाठवलं आणि मी सुट्टी टाकून शेपटासारखी मागे निघाले, तेव्हा तिने एकच काम सांगितलं. "आईला भेट. तिला फोनवर ऐकू येत नाही. आमच्या एमीसाठी तिची एक गोष्ट रेकॉर्ड करून आण, जपानीत." एमी तिची लेक, सहा वर्षांची. आजीला कधी भेटलेली नाही, आणि पोर्तुगीज तिला ओ की ठो कळत नाही.

"एवढंच ना? झालं समज!" मी म्हटलं. हे वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात.

टोकियोहून थेट विमान नाही. दुबईत बदलून हॉटेलात पोचेपर्यंत तीस तासांच्या वर गेले, तेव्हा तिखट-मिठाच्या पुऱ्या जवळ ठेवाच. शहर वरून बघितलं तर संपतच नाही, नुसत्या इमारतीच इमारती. मेट्रो स्वच्छ आणि सोपी, पण रस्त्यात फोन हातात मिरवू नका, असं हॉटेलवालीने पहिल्याच दिवशी बजावलं. रविवारी पाउलिस्ता नावाचा मोठा रस्ता गाड्यांना बंद असतो. मग सायकली, गाणारे, कुत्री आणि सगळं शहर तिथेच. जेवण किलोवर! ताट भरायचं, वजन करायचं, तेवढेच पैसे. भात आणि काळा घेवडा सगळीकडे मिळतो, त्यामुळे शाकाहारी माणूस उपाशी मरत नाही. आठवडी बाजारात तळलेलं, चीज भरलेलं पास्तेल खाल्लं आणि वर लिंबू पिळलेला उसाचा रस. निखिल तर ओरडलाच, "अगं, ही तर आपली रसवंती!"

चौथ्या दिवशी मेट्रोच्या निळ्या लाइनने लिबेरदादेला गेले. हा जुना जपानी भाग. लाल कमान, कंदिलांसारखे दिवे, दुकानांवर जपानी पाट्या, आणि आतले दुकानदार पोर्तुगीजमध्ये भांडतात.

युमी-सानची आई, हारुको आजी, ऐंशीच्या पुढच्या. ठेवणीतला स्वेटर घालून बसल्या होत्या. हातात कागद, त्यावर मोठ्या अक्षरांत गोष्ट लिहिलेली. मी फोन टेबलावर ठेवला.

"एमी-चान, तुझे खापरपणजोबा बंदरावर उतरले आणि किशात बसून कॉफीच्या मळ्यावर गेले..."

आता आम्ही पडलो पुणेकर. समोरच्याचा 'ण'चा 'न' झाला की आमची जीभ वळवळते. त्यात मी नुकतीच जपानीची परीक्षा पास झालेली, म्हणजे बघायलाच नको.

"आजी, आता किशा नाही म्हणत हं. रेल्वेगाडीला डेन्शा म्हणतात," मी हसत म्हटलं.

"डेन्शा," त्या हळूच म्हणाल्या. दोन वाक्यांनी मी आणखी एक शब्द सुधारला. मग त्यांनी कागदाची घडी घातली.

"माझी जपानी जुनी झाली. एमी चुकीचं शिकेल."

"नाही हो आजी, सांगा ना, प्लीज!" मी किती विनवलं. त्यांनी कॉफी ओतली, बिस्किटं पुढे केली आणि त्यानंतर एक शब्द जपानीत बोलल्या नाहीत.

हॉटेलात निखिलने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुला तिथे मास्तरीण कोणी नेमलं होतं?" उरलेले दोन दिवस मी मोठ्या मंडईत फळं चाखत हिंडले, पण खरं सांगायचं तर चव कशालाच नव्हती.

परतीच्या विमानात माझा आवाज कापून टाकावा म्हणून तीनदा रेकॉर्डिंग उघडलं. लाज वाटली आणि तसंच ठेवलं. घरी आल्यावर युमी-सानला सगळं सांगून, माफी मागून, ते तिच्या हातात दिलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, कॉफी ओतल्याच्या आवाजापर्यंत.

"ती गाडी वाफेची होती," ती शांतपणे म्हणाली. "वाफेच्या गाडीला किशाच म्हणतात."

अहो, हे माझ्या पुस्तकातसुद्धा होतं! डेन्शा विजेची, किशा वाफेची. म्हणजे आजी चुकल्याच नव्हत्या. युमी-सान चिडली असती तरी परवडलं असतं, पण तिने मला चहा विचारला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोणी साओ पाउलोला जाणार असाल तर जरूर जा, आठवडा कमी पडेल. आणि तिथे कोणी म्हातारं माणूस बोलायला लागलं, तर कृपा करून ऐका.

परवा आम्ही तिघी निशी-कसाई स्टेशनवर उभ्या होतो. एमीने ते दीड मिनिट इतक्यांदा ऐकलंय की तिला पाठ आहे. तोझाई लाइनची गाडी दिसली तशी तिने माझा हात ओढला.

"किशा आली!"

युमी-सान माझ्याकडे बघत होती. गाडी विजेची होती. पण आजीचा एवढाच शब्द पोरीपाशी पोचलाय, बाकीची गोष्ट मी तिकडेच थांबवून आले.

"हो," मी म्हटलं, "किशा आली." आणि मान खाली घालून डब्यात चढले.