चुकीच्या काठावरचा सूर्यास्त

अलेक्झांड्रिना सरोवरावर फोटो काढायला निघालेले लोक मला विचारतात, लेन्स कुठली नेऊ? मी म्हणते, लेन्स कुठलीही ने, आधी काठ कुठला ते ठरव. हे शहाणपण मला एक्क्याऐंशी सालच्या ईस्टरला आलं आणि ते फुकट आलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तेव्हा आम्ही मेलबर्नच्या क्लेटनमध्ये राहायचो. माझा नवरा श्रीकांत पीएचडी करत होता, आणि मी काय करते हे कुणी विचारलं की मला उत्तर द्यायला फार वेळ लागायचा. घरात मन लागत नव्हतं. पुण्याहून आणलेला कॅमेरा गळ्यात अडकवून मी ट्रेनने भटकायची, संध्याकाळच्या एका वर्गात फोटो धुवायला शिकले होते, आणि आमच्या लॉन्ड्रीच्या दाराखाली टॉवेल कोंबून तिथेच अंधारखोली केली होती. शहरातल्या कॉलेजात जुलैपासून फोटोग्राफीचा पूर्ण वेळचा कोर्स होता. अर्जासोबत एकाच विषयावरचे दहा फोटो द्यायचे होते, काळेपांढरे, मंगळवारी दुपारच्या आत. माझा विषय होता ‘पाणी आणि दिवे’. नऊ तयार होते. पण वर्गातल्या बाई म्हणाल्या, हे सगळे एकाच खाडीचे आहेत, एखादं तरी वेगळं पाणी आण. श्रीकांतची स्कॉलरशिप डिसेंबरला संपणार होती. पुढच्या वर्षी आम्ही कुठे असू याचा पत्ता नव्हता. म्हणजे हा कोर्स आत्ता, नाहीतर कधीच नाही.

लायब्ररीतल्या पुस्तकात मला साउथ ऑस्ट्रेलियातलं हे सरोवर सापडलं. त्यात मिलँग गावाची लांबच लांब लाकडी जेटी होती, आणि नॅरंगजवळ एक जुनं, बंद पडलेलं दीपगृह. समुद्रावर नाही, सरोवरावर! अंतर साधारण सातशे किलोमीटर. श्रीकांत प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात बुडालेला होता आणि मला गाडी येत नव्हती. गाडी होती फिलोमिनाकडे.

फिलोमिना वसईची, इथे नर्स, आमच्या मागच्या गल्लीत राहायची. त्या वर्षी जानेवारीत तिची आई गेली. सुट्टी आणि तिकीट जमेपर्यंत मातीही होऊन गेली होती. त्यामुळे ईस्टरच्या आदल्या संध्याकाळची मिस्सा तिला चुकवायची नव्हती. त्या मिस्सेत आधी चर्च अंधारात ठेवतात, मग एका मोठ्या मेणबत्तीवरून सगळे आपापली मेणबत्ती पेटवून घेतात. तिला ती आईच्या नावाने पेटवायची होती. “आई गेल्यावर मी काहीच केलं नाही गं तिच्यासाठी. एवढं तरी करते,” ती म्हणाली.

मी म्हटलं, शुक्रवारी जेटीवर सूर्यास्त, शनिवारी सकाळी जाता जाता दीपगृह, संध्याकाळी तू क्लेटनच्या चर्चमध्ये. तिने मान डोलावली आणि मला विचारलं, “काळापांढरा सूर्यास्त काढायला सातशे किलोमीटर? तुझं डोकं बरंय ना?”

गुड फ्रायडेला पहाटे पाचला निघालो. जाणाऱ्यांसाठी सूचना: त्या दिवशी रस्त्यावर जवळजवळ काहीच उघडं नसतं. टाकी आदल्या दिवशीच भरा. फिलोमिनाचा उपवास होता, ती काळ्या चहावर गाडी हाणत होती. मी एकटीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि प्रत्येक घासाला तिला सॉरी म्हटलं. बॅलरॅट गेलं, हॉर्शम गेलं. नंतर रस्ता असा सरळ की स्टिअरिंगचं काय काम असा प्रश्न पडावा. मी दर अर्ध्या तासाने नकाशा उघडायची आणि घड्याळ बघायची. शेवटी ती वैतागली. “शुभा, तू बघितल्याने सूर्य थांबणारे का?”

मिलँगला पोचलो तेव्हा सूर्य बुडायला तासभर होता. छान शांत गाव, काठावर गवत, तोंडावर बसणाऱ्या माश्यांचा त्रास मात्र मरणाचा. जेटी पुस्तकात होती तशीच, टोकाला दिवाही होता. मी तिपाई लावली, फोकस केला, पाण्याकडे तोंड करून उभी राहिले. फिलोमिना शेजारी बसली. पाणी शिशासारखं करडं पडत चाललं होतं.

“अजून लाल कसं होत नाही?” मी विचारलं.

“होईल गं. पाण्याला टेकायला वेळ लागतो.”

जेटीवर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. बराच वेळ तो आमच्याकडे बघत होता. शेवटी राहवलं नाही त्याला. “सनसेटची वाट बघताय?”

“येस,” आम्ही दोघी एकदम.

“मग राँग वे, लव. तुमच्या मागे आहे तो.”

मी वळून पाहिलं. कॅराव्हॅन पार्कच्या संडासांच्या मागे, निलगिरीच्या झाडांत, सूर्य लालबुंद होऊन उतरला होता. वरची कड तेवढी उरली होती, आणि बघता बघता तीही गेली.

आता हसू येतं. पण तुम्हीच सांगा, दादर चौपाटीवर वाढलेली मी आणि वसईच्या किनाऱ्यावर वाढलेली ती. पाणी म्हणजे पश्चिम, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, शिकवावं लागलं नव्हतं. मेलबर्नलाही आम्ही खाडीच्या ज्या बाजूला जायचो तिथे सूर्य पाण्यातच बुडायचा. दुपारभर ऊन समोरून डोळ्यात येत होतं, फिलोमिनाने काचेवरची झडप खाली ओढून गाडी चालवली होती. पण पाणी दिसलं आणि दोघींची अक्कल गहाण पडली. मिलँग सरोवराच्या पश्चिम काठावर आहे. तिथे जायचं ते सूर्योदयाला.

फिलोमिना पोट धरून हसली. मीही हसले आणि मग हसता हसता रडायला लागले. “माझा कोर्स गेला,” म्हटलं. तिचं हसू थांबलं.

मोटेलच्या खोलीत पलंगावर नकाशा पसरला. पहाटे जेटीवर सूर्योदय होता, पण या दिवसांत सकाळी पाण्यावर दाट धुकं असतं, असं तो म्हातारा जाता जाता म्हणाला होता. नॅरंगच्या दीपगृहापाशी पश्चिमेला पाणी होतं. हे मी चार वेळा बोट ठेवून तपासलं. पण तिथे सूर्यास्ताला थांबायचं म्हणजे शनिवारची संध्याकाळ जाणार. मी नकाशाची घडी घातली नाही. फिलोमिनाने बघितलं, बाहेर गेली आणि मोटेलवाल्या बाईंशी बोलून परत आली.

“मेनिंगीला चर्च आहे. उद्या सातला मिस्सा. दीपगृहापासून पाऊण तास. सूर्य बुडतो पावणेसहाला.”

“सूर्य बुडाला की निघू,” मी म्हटलं. “शप्पथ.”

शनिवारी वेलिंग्टन नावाच्या तिथल्याच छोट्या गावात गाडी तराफ्यावर चढवून मरे नदी ओलांडली. दोरखंडाने ओढला जाणारा तराफा, पैसे पडत नाहीत, मिनिटभराची मौज. पुढे नॅरंगला तसाच दुसरा. तराफ्यापासून जवळच ते दीपगृह. मी कल्पनेत उंच मनोरा बांधला होता. हे निघालं बुटकं, पांढरं, घराला टेकून उभं. “एवढंसं?” फिलोमिना म्हणाली. पण मला ते बघताक्षणी आवडलं. भोवती वाळकं गवत, मेंढ्यांच्या लेंड्या, पाण्यावर पेलिकन, आणि वारा असा की तिपाईला दगड बांधावा लागला. अकरा वाजल्यापासून पाच वाजेपर्यंत मी जागा बदलत राहिले. ही नको, ती बरी, नको, पहिलीच बरी. फिलोमिना गाडीत झोपली, उठली, केस विंचरले, मिस्सेसाठी आणलेला निळा ड्रेस मागच्या सीटवर बसून बदलला.

साडेपाचला पश्चिमेला ढगांची जाड पट्टी आली आणि सूर्य तिच्यात शिरला तो शिरलाच. पावणेसहा झाले. मी सहा-सात फोटो काढले, सगळे मेलेले. हे मला कॅमेऱ्यातूनच कळत होतं.

“शुभा, निघायचं?”

“पाच मिनिटं.”

ज्यांनी सूर्यास्त काढलेत त्यांना माहीत आहे, खरं काम सूर्य गेल्यावर सुरू होतं. सहाला ढगाची खालची कड उजळली. मग पाणी उजळलं. जमीन काळी होत गेली आणि सरोवर मात्र पेटत गेलं, त्या दोन्हींच्या मधे दीपगृह ठसठशीत उभं. मी मागे वळून पाहिलं. फिलोमिना गाडीच्या दाराला टेकून उभी होती, हातात किल्ली. तिने हाक मारली नाही, हॉर्न वाजवला नाही. तिने ओरडायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटलं. म्हणजे मला निघता आलं असतं. मी परत कॅमेऱ्याला डोळा लावला आणि रोल संपेपर्यंत हलवला नाही.

तिपाई मिटली तेव्हा सहा पस्तीस झाले होते.

त्या रस्त्यावर तिन्हीसांजेला जोरात जाऊ नका, कांगारू थेट पुढ्यात येतात. आम्हाला तीन वेळा थांबावं लागलं. मेनिंगीला पोचलो तेव्हा चर्चचे सगळे दिवे लागलेले, लोक गात होते. फिलोमिना उतरली, ड्रेस सारखा केला आणि आत जाऊन मागच्या भिंतीशी उभी राहिली. उघड्या दारातून मला दिसत होतं, लोकांच्या हातातल्या मेणबत्त्या विझवून झाल्या होत्या. मी गाडीत बसून राहिले. मला स्वतःची लाज वाटली, आणि मांडीवरच्या रोलवरचा हातही काढवेना. दोन्ही खरं आहे.

रविवारी परत येताना ती नेहमीसारखी बोलली. हॉर्शमला एका दुकानात आम्ही मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, खाल्ली, मी अंगावर सॉस सांडला म्हणून ती मला रागावली. शनिवारबद्दल एक अक्षर नाही. मी चारदा सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि चारही वेळा पेट्रोलबद्दल बोलले.

सोमवारी लॉन्ड्रीत रोल धुतला. तो फोटो होता. अजूनही माझ्या भिंतीवर आहे आणि लोक त्याच्यापुढे थांबतात. मंगळवारी नाइट ड्यूटी संपवून, न झोपता, फिलोमिनाने मला कॉलेजच्या दारात सोडलं. उतरण्याआधी मी तिला तो फोटो दाखवला आणि एकदाचं म्हटलं, “मी तुझी संध्याकाळ खाल्ली. मला माफ कर.”

तिने फोटो बराच वेळ पाहिला. “चांगला आलाय. खरंच चांगला आलाय,” ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, “तू थांबलीस त्याचा मला राग नाही. पण सूर्य बुडाला की निघू असं का म्हणालीस? माझं होईपर्यंत मी हलणार नाही, असं सांगायचंस ना.”

“सांगितलं असतं तर तू आली असतीस?”

“आले असते,” ती म्हणाली. “मेणबत्ती तिथेच पेटवली असती, तुझ्या त्या दीपगृहापाशी. आईला काय, कुठलीही चालली असती.”

मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी दहा फोटो छातीशी धरून उतरले.