सार्साच्या चढावरचा हात

एवारिस्तो कोर्चेरो कुणावर पटकन विश्वास टाकत नसे. मिठात सुकवलेली डुकराची तंगडी विकत घ्यायची, तर दुकानदाराची सुई त्याला चालायची नाही. घोड्याच्या हाडाची स्वतःची सुई तो खिशातून काढायचा, सांध्यापाशी खुपसायचा, नाकाशी धरायचा आणि वास घेताघेता दुकानदाराच्या तोंडाकडे बघायचा. वास चांगला आला तरी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा खुपसायचा. म्हणायचा, "एका जागी सगळेच प्रामाणिक असतात."

त्याचा विश्वास होता तो फक्त स्वतःच्या कानावर. एकतीस वर्षं त्यानं वेल्वाच्या बंदरातून डोंगरापलीकडे मालगाड्या नेल्या. आमच्या या मार्गावर विजेची तार नाही, सगळा कारभार डिझेलवर. जुन्या इंजिनांची चाकं ओल्या रुळावर घसरू लागली की आधी एक बारीक किंकाळी यायची. ती ऐकली की इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा दांडा मागे घ्यायचा, रुळावर वाळू सोडायची, चाकांनी रूळ धरला की दांडा पुन्हा पुढे. उशीर झाला तर चाकं जागच्या जागी गरगरून रुळाला खड्डा पाडायची. आम्ही सगळे हेच शिकलेलो. एवारिस्तो किंकाळी फुटायच्या आतच दांडा मागे घ्यायचा.

मग नवी इंजिनं आली. चार हजार अश्वशक्तीची, सहा आसांची. डिझेलनं आत वीज तयार करायची, विजेनं एकेका आसाची मोटर फिरवायची आणि कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा ते संगणकानं ठरवायचं. शिकवायला आलेल्या माणसानं बजावून सांगितलं की हे इंजिन चाकं किंचित घसरती ठेवूनच चढतं. आवाज येईल, येऊ द्या, दांडा हलवू नका. एवारिस्तोनं विचारलं, "आणि ते खोटं बोलत असेल तर?" सगळे हसले. तो हसला नाही.

फेब्रुवारीत आमच्याकडे पाइनच्या झाडांवरचे सुरवंट उतरतात आणि एकामागे एक रांग धरून रूळ ओलांडतात. ते चिरडले गेले की रुळावर तेल ओतल्यासारखं होतं. त्या महिन्यात एवारिस्तोची खताची मालगाडी सार्साच्या चढावर तीनदा अडली. तिन्ही वेळा मंगळवारी, त्याच वळणावर. मागची प्रवासी गाडी तासन्‌तास खालच्या स्टेशनात उभी. हात आवरणं आम्हालाही जड जायचं, पण आमच्या गाड्या रडतखडत का होईना, चढत होत्या.

इंजिनातल्या नोंदपेटीत सगळं उमटतं. तिन्ही वेळा त्या वळणावर दांडा पूर्ण जोराच्या आठव्या खाचेवरून चौथ्या खाचेवर आल्याचं तिच्यात निघालं. एवारिस्तो शपथेवर सांगत होता की त्यानं दांडा हलवला नाही. आदल्या वर्षीच्या संपात तो फाटकावर पहिल्या रांगेत उभा होता, हे कंपनी विसरली नव्हती. तिला वाटलं, हा मुद्दाम करतोय. शेवटी ठरलं की आणखी एक फेरी, निरीक्षक बाईंसमोर. तेव्हाही गाडी अडली तर परवाना जाईल आणि मुद्दाम गाडी अडवल्याचा खटला होईल.

युनियनचा साक्षीदार म्हणून त्यानं मला मागितलं. आम्ही बावीस वर्षांचे मित्र. मला म्हणाला, "देमे, नोंदपेटीत कुणीतरी हात घातलाय. तू माझ्या हाताकडे बघू नकोस, त्या बाईच्या हाताकडे बघ."

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटत होतं की तो मुद्दाम करतोय.

मंगळवारी सकाळी भुरभुर पाऊस होता. निघण्याआधी एवारिस्तोनं गुडघ्यावर बसून आसनाखाली आणि टेबलाखाली चाचपून पाहिलं. ओलाया नावाच्या त्या निरीक्षक बाईंनी आम्हाला बडीशेपेची गोळी दिली. त्यानं ती घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि खिशात टाकली. बाई म्हणाल्या, "विष नाहीये हो त्यात." "असतं तरी तुम्ही सांगितलं असतं का?" तो म्हणाला.

सार्साचा चढ सुरू झाला. त्यानं सांगितल्याप्रमाणे मी बाईंच्या हातांकडे बघत होतो. एका हातात वही, एकात पेन. वळण आलं आणि चाकं किंचाळायला लागली. बाईंचं पेन थांबलं आणि त्या ज्या दिशेला बघत होत्या, तिकडे मी पाहिलं.

एवारिस्तोची नजर रुळांवर होती. चेहरा शांत. आणि झोपेत माणूस पांघरूण ओढतो तसा त्याचा उजवा हात दांडा मागे आणत होता. आठ, सात, सहा. त्याला पत्ता नव्हता. गाडीचा वेग एकोणिसावरून चौदावर आला.

साक्षीदारानं कशालाही हात लावायचा नसतो. मी उठलो, त्याच्या हातावर पंजा ठेवला, दांडा आठावर ढकलला आणि तिथेच दाबून धरला. किंकाळी थांबेना. तेरा. तेरा. मग चौदा. चढ संपेपर्यंत मी पंजा उचलला नाही.

वर पोचल्यावर तो म्हणाला, "हात काढ."

"तुझा हात मागे येत होता, एवारिस्तो."

"माझा हात तुझ्या हाताखाली होता."

"त्याच्या आधी."

त्यानं बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "सहापर्यंत आला होता. आणि तुम्हाला ते कळलं नव्हतं, हेही मी पाहिलं."

त्यांनी तेवढंच लिहिलं. हेतू नाही, जुनी सवय, पंधरा दिवसांचा सराव द्यावा. परवाना वाचला, खटला उभा राहिलाच नाही. माझ्या हाताबद्दल अहवालात एक अक्षर नव्हतं.

सरावानंतर त्याची गाडी एकदाही अडली नाही. बरोबर जाणारे सांगतात, चढावर तो डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून बसतो.

एप्रिलमध्ये तो कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला. कॉफीत साखर ढवळत राहिला. मग म्हणाला, "बाईनं तुझं नाव का नाही लिहिलं?"

"मला काय माहीत?"

"तुला सकाळची प्रवासी गाडी मिळाली म्हणे."

"त्या गाडीसाठीचा माझा अर्ज दोन वर्षांपूर्वीचा आहे. तूच लिहून दिला होतास."

"म्हणून तर विचारतोय. दोन वर्षं पडून होता." तो माझ्याकडे बघत होता, दुकानदाराकडे बघायचा तसा. "हात का धरलास माझा?"

मी खूप आठवून पाहिलं. तुझ्यासाठी धरला, असं म्हणता आलं असतं. पण उठताना मी काही ठरवलं नव्हतं. "मलाच कळलं नाही," मी म्हणालो.

"असं," एवारिस्तो म्हणाला. "म्हणजे तुझ्या हाताला माफी आणि माझ्या हाताची चौकशी."

त्याच्या गाडीची वेळ झाली होती. कप अर्धा ठेवून तो उठला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. इतरांना मात्र अजून विचारतो, देमेला त्या दिवशी कुणी पाठवलं होतं. त्यानं स्वतःच मला मागितलं होतं, हे त्याला आता खरं वाटत नाही.