हक माफ

यासीनभाई चहा बशीत ओतून प्यायचे, मशिदीबाहेर इतरांच्या चपला सरळ लावायचे, वाटेत पडलेला आंबाही मालकाला विचारूनच उचलायचे. अशा माणसाने वडिलांमागे आपल्या एकुलत्या एका बहिणीला, बिल्कीसआपांना, शेतीचा हक रिवाजाप्रमाणे "माफ" करायला, म्हणजे भावासाठी सोडून द्यायला, सांगितलं. ऐकून मी थक्क झालो.

बिल्कीसआपा हसल्या. "माफी गुन्ह्याची असते, यासीन. तू कोणता केला?"

"घरोघरी असंच चालते, आपा."

"कुराणात भावाले दोन, बहिणीले एक. तो एकही तुले खुपून राहिला?"

यासीनभाईंची मान खाली गेली, ती गावात पुन्हा वर झाली नाही. पुढच्याच आठवड्यात ते दिघोरीच्या शेतात आपाचा तीनातला एक हिस्सा वेगळा करायला मातीचा धुरा, म्हणजे बांध, घालू लागले. अर्ध्या शेतापर्यंत घातला आणि ते वारले. त्यांच्या मुलांनी तो पुरा करायला अजून फावडं उचललेलं नाही.