आर्वीचं पुढे पळणारं घड्याळ

दोन हजार सालानंतरची गोष्ट. वर्ध्यातल्या एका कापूस व्यापाऱ्याकडे मी कॉम्प्युटरचं सगळं पाहायचो. सगळं म्हणजे सर्व्हरपासून प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापर्यंत. पुलगाव, देवळी आणि आर्वी इथल्या त्यांच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यांत, एकेक सर्व्हर होता. त्यांवर मी छोट्या स्क्रिप्ट लावल्या होत्या. ठरल्या वेळी त्या आपोआप चालायच्या, जुन्या फायली साफ करायच्या आणि आदल्या दिवसाच्या आवकीची नक्कल वर्ध्याला पाठवायच्या.

असली कामं रात्री उरकायची असतात. पण कापूस पेटेल या भीतीनं संध्याकाळी जिनिंगचा मेन स्विचच बंद व्हायचा. त्यात शेठजींना तिन्हीकडची आवक सकाळी दहाच्या चहासोबत हवी. दहाला तिन्ही सर्व्हर एकदम सुटायचे आणि आमची ती एवढीशी इंटरनेटची लाइन तुंबून बसायची. लगेच फोन सुरू. "बिल निघूनच नाई राह्यलं!"

एकामागून एक येऊ द्या, असं शेठजींना सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

"दहाले पायजे म्हंजे दहाले पायजे," ते म्हणायचे. "मशीन आहे ना ते? मंग त्याले काऊन थकवा येते?"

शेवटी एका सकाळी कोइमतूरच्या गिरणीला निघालेला त्यांचा स्वतःचाच दर कळवणारा मेल अडकला आणि गिरणीनं कापसाच्या गाठी दुसरीकडून उचलल्या. तेव्हा कुठे परवानगी मिळाली. मी पुलगावला अकरा, आर्वीला साडेअकरा आणि देवळीला बारा अशा वेळा लावून दिल्या.

तरी अकराला लाइन तुंबलीच! मी केबल बदलली, टेलिफोनवाल्यांशी भांडलो. मग लक्षात आलं, आर्वीची नक्कलही अकरालाच निघते आहे. तिथल्या अकाउंटंट मॅडमना फोन केला.

"मी कायले हात लावू भाऊ तुमच्या सर्व्हरले?" त्या म्हणाल्या.

मुकाट्यानं एसटीनं आर्वी गाठली. सर्व्हरच्या स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं आणि मनगटावरचं पाहिलं. अर्ध्या तासाचा फरक.

"मॅडम, हे घड्याळ पुढे कोणी केलं?"

"मीच केलं एवढ्यात," त्या शांतपणे म्हणाल्या. "मले रोज सिंदी मेघेले घरी परत जा लागते. संध्याकाळची गाडी सुटली की मंग उभ्यानं जा. घड्याळ पुढं असलं की माणूस वेळेवर उठते."

"पण स्क्रिप्ट त्याच घड्याळावर चालते ना!"

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

कपाळावर हात मारावा की हसावं, कळेना. घड्याळ परत मागे करायला त्या काही तयार होईनात. अखेर मी बाजारातून भिंतीवरचं एक घड्याळ आणलं, अर्धा तास पुढे केलं आणि त्यांच्या टेबलासमोर टांगलं. ते त्यांना पसंत पडलं. सर्व्हरचं घड्याळ मी ताळ्यावर आणलं.

दुसऱ्या दिवसापासून लाइन मोकळी वाहू लागली. फोन थांबले. आठवडाभर कोणी माझं नावही घेतलं नाही. मग शेठजी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आजकाल तुले काई कामच दिसून नाई राह्यलं बा."