जयवंतीचा डावा हात

गेल्या शनिवारपर्यंत हे मी कोणापाशी बोललो नव्हतो. बायकोपाशीही नाही. आता तुम्हाला सांगतोय, कारण एकदा तोंडातून निघालं की दुसऱ्यांदा तेवढं जड जात नाही.

मी जव्हारच्या एका कॉलेजात खेळ शिकवतो. काही वर्षांपूर्वी सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरून जयवंती आमच्याकडे आली. बास्केटबॉल तिने तोवर हातात धरलेला नव्हता. पण मैदानात कोण कुठे आहे हे तिला एका नजरेत कळायचं. मी तिला गार्ड केलं — चेंडू पुढे आणणारी, कोणाला द्यायचा ते ठरवणारी.

डावा हात मात्र मुळीच चालायचा नाही. मग उजवा हात ओढणीने कमरेला बांधून मी तिच्याकडून डाव्याने टप्पे मारून घेतले. रोज, कॉलेज सुटल्यावर. चिडायची, पण होस्टेलवर जा म्हटलं तरी जायची नाही. दुसऱ्या वर्षी ती डाव्याने असा चेंडू काढायची, की समोरची पोरगी नुसती बघत राहायची.

उणं नव्हतंच असं नाही. लांबचा शॉट रिंगच्या अलीकडेच पडायचा. आणि ती मैदानात आवाज द्यायची नाही — गार्डने तर ओरडायलाच हवं — पण आपलं बोलणं ऐकून कोणी हसेल, ही तिला धास्ती.

त्याच वर्षी विद्यापीठाच्या संघासाठी खेळाडू निवडायच्या शिबिराला तिचं नाव गेलं. माझ्याकडून अहवाल मागवला : खेळाडूची प्रगती काय, सुधारणा कुठे हवी. शिबिराच्या आणि आमच्या स्पर्धेच्या तारखा एकच. ती गेली असती तर आम्ही पहिल्याच फेरीत हरलो असतो. आणि चषक हवा होता — कोणाला? मुलींना? कॉलेजला? नाही. मला.

मी लिहिलं, ‘डावा हात कमकुवत. दडपणाखाली चेंडू गमावते.’ खाली सही केली.

तिची निवड झाली नाही. चषक आम्ही जिंकला, तिच्याच जिवावर. नंतर ती माझ्याकडे आली.

“सर, माझा काय कमी पडला?”

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं ना? मी म्हणालो, “डावा हात, जयवंती.”

आणि ती सगळी सुट्टी डाव्याच्या मागे लागली. मनगट सुजलं, तर फडकं बांधून खेळली. नसलेला दोष ती घालवत होती — आणि मी बाजूला उभा राहून शिट्टी वाजवत होतो. शिबिराचं बोलावणं पुन्हा आलं नाही.

आता ती मोखाड्याजवळच्या एका आश्रमशाळेत शिकवते. शनिवारी तिच्या मुलींचा सामना होता, मी पंच होतो. सामना संपल्यावर ती एका मुलीला समजावत होती, “डाव्यावर मेहनत घे. माझं शिबिर या हातानेच घालवलं.”

मी शेजारीच होतो. म्हणालो, “हाताने नाही, जयवंती. मी घालवलं.” आणि अहवालाचं सगळं सांगून टाकलं.

तिने मुलीला पाणी प्यायला पाठवलं. मग म्हणाली, “मंग खरा काय कमी होता?”

मी सांगितलं. लांबच्या शॉटच्या वेळी गुडघे वाकत नव्हते. आवाज निघत नव्हता. बाकी काही नाही.

“हा तवाच सांगायचा होता, सर.” एवढंच बोलली आणि मुलींना घेऊन गाडीकडे गेली.

माफी मी मागितली नाही. मागितली असती, तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

परतताना वाटेत मोटारसायकल थांबवून जरा उभा राहिलो. मला हलकं वाटत होतं. तिचं गेलं ते गेलंच — आणि मला हलकं वाटत होतं. तेही खरं आहे, म्हणून सांगितलं.