पहिलं गिऱ्हाईक

उद्योजकता हातांनी शिकावी म्हणून आमच्या मॅनेजमेंट कॉलेजच्या फाटकापाशी परवा मुलांना दुकानं मांडायला लावली. सानिकानं नाचणीचे लाडू आणले होते. वर्गात ग्राहकाविषयी फाडफाड बोलणारी ही मुलगी कितीतरी वेळ नुसती येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघत उभी होती. शेवटी एक अनोळखी काकू थांबल्या.

"भवानी झाली का गं?"

"नाही अजून."

"मग दे दोन लाडू."

दिवसाच्या त्या पहिल्या विक्रीची नोट सानिकानं डोळे मिटून कपाळाला लावली. हे मी शिकवलं नव्हतं. आपल्यावाचून ज्याचं काहीच अडत नाही असा माणूस आपल्यापाशी थांबतो, त्याच्यापुढे हात आपोआप जोडले जातात.

आज वर्गात मी नेहमीसारखा फळ्याकडे तोंड करून बोलत सुटलो होतो. मागून सानिकाचा आवाज आला, "सर, काकू लाडवांसाठी थांबल्या, की माझी दया आली म्हणून?"

मी वळलो. या वर्गानं मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. मुलं हसली, तेव्हा लक्षात आलं, खडूचा हात मी कपाळाला लावला होता.